वॉक-थ्रू एनर्जी ऑडिट: कारखान्यात फिरताना या चुका टाळा

वॉक-थ्रू एनर्जी ऑडिट म्हणजे कारखान्यात एक फेरी मारून वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते शोधणं. सोलापुरात अशा ऑडिटला जायची वेळ ठरलेली असते. सकाळी साडेदहा. गेटवर नोंद, ऑफिसात चहा, मग मॅनेजरसोबत शेडमधून एक फेरी आणि एकपर्यंत जेवण. मीही पहिली दोन वर्षं असंच केलं. अडचण एवढीच की साडेदहाला सगळे माग चालू असतात, कॉम्प्रेसर (हवा दाबून पाइपांत सोडणारं यंत्र) भरात असतो, आणि चालू कारखान्यात वाया जाणारी वीज कामाच्या विजेच्या मागे लपून बसते.

त्यामुळे पहिली चूक वेळेची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी बदलताना एक तास मागून घ्या. मालक म्हणतील, "बंद कारखान्यात काय बघणार?" नेमकं तेच बघायचंय. उत्पादन शून्य असताना मुख्य मीटरवर किती किलोवॉट दिसतात तो आकडा लिहून घ्या आणि तो कुठून येतो ते शोधत चला. कुलिंग टॉवरचा पंप कुणी बंद केलेला नसतो, रिकाम्या शेडचे एक्झॉस्ट पंखे फिरत असतात, आणि सगळं शांत झाल्यावर दाबलेल्या हवेची गळती कानाला ऐकू येते. मागांच्या खडखडाटात ती कधीच ऐकू आली नसती.

गळती मोजायलाही हीच वेळ. सगळी मशिनं बंद, हवेच्या लाइनमध्ये दाब भरलेला आणि कॉम्प्रेसर चालू. मोबाईलच्या घड्याळावर तो किती वेळ लोड होतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (हवा न भरता थांबतो) ते चार-पाच फेऱ्या मोजा. समजा दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड. सहा मिनिटांतली दीड मिनिटं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा पाव भाग भोकांतून जातोय. सात बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एक भोक साधारण 3 किलोवॉट खातं, तेही चोवीस तास. टॉवेलच्या कारखान्यात हवेचा मोठा खर्च बऱ्याचदा मशिनवर नसतोच, तो मागावरचा फुफाटा झाडायला ठेवलेल्या पाइपांवर असतो. पाइपाच्या तोंडाला नोझल नसतं आणि कॉक अर्धवट उघडा असतो. हवेचं पिस्तूल, म्हणजे चाप दाबला तरच हवा सोडणारी तोटी, आणि साधं नोझल लावायला सांगा.

कॉम्प्रेसर बघून पुढे जाणं

दुसरी चूक फिरण्याच्या दिशेची. आपण कॉम्प्रेसर रूम, बॉयलर, ट्रान्सफॉर्मर अशी यंत्रं बघत सुटतो. उलटं चाला. आधी वापर बघा, मग पाइप, शेवटी यंत्र. कुठल्या मशिनला नेमका किती दाब लागतो हे विचारल्याशिवाय कॉम्प्रेसरच्या सेटिंगबद्दल बोलण्यात अर्थ नाही. एक बार दाब कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्के वाचते. पण एकाच मशिनला सात बार लागत असतील तर त्या एकासाठी सगळी लाइन सातवर ठेवायची का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मशिनजवळ उभं राहिल्यावरच सुचतो.

मे महिन्यातली गोष्ट वेगळी काढून सांगतो. बाहेर 43 अंश आणि कॉम्प्रेसर बंद खोलीत. त्याची गरम हवा त्याच खोलीत फिरून पुन्हा त्याच्याच फिल्टरमध्ये जाते. आत घेतलेली हवा दर 4 अंशांनी तापली की वीज साधारण एक टक्का जास्त लागते. सोलापूरच्या उन्हाला इलाज नाही, पण गरम हवा बाहेर काढायला पत्र्याचा डक्ट लावता येतो.

टेंपरेचर गनवर डोळे मिटून विश्वास

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका डाइंग युनिटमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, स्टीम लाइनच्या चकचकीत अॅल्युमिनियम आवरणावर लांबून तापमान मोजणारी गन धरली. 44 अंश. शेडमध्येच 41 होते, म्हणून वहीत लिहिलं, 'इन्सुलेशन उत्तम'. बॉयलरवाले मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "साहेब, हात जवळ नेऊन बगा की." नेला. चटकाच बसला असता.

चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूचीच परत पाठवतो. साधी गन मात्र पृष्ठभाग काळपट आहे असं धरून चालते. उपाय दहा रुपयांचा आहे. काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाचेक मिनिटं तापू द्या आणि टेपवर मोजा. त्या दिवशी टेपवर 78 आले. टेप तेवढं तापमान सोसते ना हे मात्र बघून घ्या. उघड्या स्टीम पाइपवर ती वितळते.

पुढे स्टीम ट्रॅप होता, म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी (कंडेन्सेट) तेवढं बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. त्याच मामांना मी विचारलं, "हा ट्रॅप शेवटचा कधी बदलला?" उत्तर आलं, "ते बदलून काय करणार? बायपास उघडाच असतंय की." ट्रॅप नीट काम करत नाही, कापड तापायला उशीर होतो, म्हणून कुणीतरी बायपासचा, म्हणजे ट्रॅपला वळसा घालणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह उघडला आणि तो तसाच राहिला. स्टीम सरळ कंडेन्सेटच्या लाइनमध्ये जात होती. मॅनेजरला याचा पत्ता नव्हता. म्हणून फिटर आणि बॉयलर अटेंडंट यांच्याशी मॅनेजर सोबत नसताना दहा मिनिटं बोला. चूक कुणाची हे विचारू नका, 'त्रास कशाचा होतो' एवढंच विचारा.

बॉयलरवर आणखी दोन आकडे घ्या. फीड वॉटरचं (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचं) तापमान एक: ते 6 अंशांनी वाढलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं, म्हणून कंडेन्सेट गटारात जातंय का ते आधी बघायचं. दुसरा धुराचा. चिमणीतलं तापमान महिन्या-महिन्याला चढत असेल तर नळ्यांवर काजळी किंवा पाण्यातल्या क्षारांचा थर धरला आहे असं समजा. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी सॉफ्टनरचं (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने त्याला पुन्हा ताजं करणं, वेळेवर होतं का हेही विचारावं. नोंदवहीत रोज एकच आकडा, एकाच पेनने लिहिलेला दिसला, तर ती वही बाजूला ठेवा.

अँपिअरवरून लोड ठरवणं

क्लॅम्प मीटरने 28 अँपिअरच्या मोटारीवर 14 दिसले की आपण लिहितो, 'लोड 50 टक्के'. तसं नसतं. रिकामी फिरणारी मोटारही पूर्ण करंटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून जास्त करंट खेचते, कारण तो चुंबकीय क्षेत्रासाठी लागतो. खरा लोड 50 पेक्षा बराच कमी असू शकतो. किलोवॉट दाखवणारा मीटर वापरा. आणि नेमप्लेटवरचे किलोवॉट शाफ्टवर मिळणारे असतात, आत जाणारे नव्हेत.

बिल न वाचता बचतीचा हिशेब

एकूण बिल भागिले युनिट, निघाला दर, गुणिले वाचलेले युनिट. रिपोर्ट देखणा होतो, पण हिशेब चुकतो. बिलात डिमांड चार्ज (महिन्यातल्या सर्वांत जास्त मागणीवरचा आकार) वेगळा असतो आणि रात्रीचे दोन-चार पंप बंद केल्याने तो कमी होत नाही. शिवाय दिवसाच्या वेळेनुसार दरात सवलत आणि अधिभार असतो. हे तास बदलत असतात, तेव्हा जुन्या सवयीने 'रात्रीची वीज स्वस्त' असं न लिहिता ताज्या बिलावरचे बघा.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे बिल फक्त कामाला आलेल्या युनिटवर नाही, तर लाइनमधून खेचलेल्या एकूण विजेवर. या दोन्हींचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. मोटारींमुळे पॉवर फॅक्टर लॅगिंगला गेला तर केव्हीएएच वाढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कारखाना बंद असताना थेट लाइनवर असलेली कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेले कपॅसिटर) चालू राहिली तर पॉवर फॅक्टर उलट बाजूला, लीडिंगला जातो, आणि त्याचेही केव्हीएएच वाढतात. सुट्टीच्या दिवशी पॅनेलवर हे एकदा बघाच.

लायटिंगबद्दल फार लिहीत नाही. एलईडी लावा म्हणून सांगायला ऑडिटर लागत नाही. त्यापेक्षा ड्रायरमधून निघालेला टॉवेल हातात घ्या. पापडासारखा कडक लागला तर तो गरजेपेक्षा जास्त वाळवलाय. सुती कापड हवेतून 7-8 टक्के ओलावा परत घेतंच. तोही आपण पैसे मोजून काढून टाकतोय.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे, पण त्याखाली वर्षाला 3000 टन तेलाइतकी किंवा त्याहून जास्त ऊर्जा वापरणाऱ्या कापड गिरण्या येतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतले बहुतेक टॉवेलवाले त्यात बसत नाहीत. ते स्वखुशीने बोलावतात, म्हणून त्यांना साठ पानांचा रिपोर्ट नको असतो. दोन पानं द्या. प्रत्येक आकड्यापुढे 'मोजलेला' की 'अंदाजे' हे लिहा. एका फेरीच्या जिवावर 'वार्षिक बचत 11,37,420 रुपये' असं लिहिलं तर मालक तिथेच हसतात.

आणि गळतीच्या जागी फिरतानाच लाल टॅग बांधा, तारीख टाकून. एका कारखान्यात चार महिन्यांनी परत गेलो. मॅनेजर म्हणाले, सगळं केलंय. शेडमध्ये वारा नव्हता, पंखे बंद होते, तरी माझे सात टॅग फडफडत होते.