शीट हँग झाली तर: एंड टास्कच्या आधी आणि नंतर

गेल्या मार्चअखेरीला आमच्या सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये भरत होते. शीट अडकली, फुलीवर टिचकी मारली तरी बंद होईना. मी एंड टास्क केलं, म्हणजे टास्क मॅनेजरमधून एक्सेल जबरदस्तीनं बंद केलं, आणि फाइल लगेच पुन्हा उघडली. डावीकडे वाचवलेल्या प्रतींची पट्टी आली होती. ती न वाचताच एक्सेल बंद करायला गेले आणि त्या फायली ठेवायच्या का, या प्रश्नाला घाईत 'नको' म्हणून मोकळी झाले. दोन तासांच्या नोंदी गेल्या. पावतीपुस्तक पहिल्या पानापासून परत काढावं लागलं. म्हणून या वेळी मार्च उजाडायच्या आतच हे लिहून ठेवतेय.

मधूनमधून सेव्ह करा, बॅकअप ठेवा, हे सगळ्यांना माहीत आहे.

आजच करायचं काम वेगळं आहे. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जा. ऑटोरिकव्हर म्हणजे एक्सेल ठरावीक वेळाने आपोआप बाजूला ठेवतं ती प्रत. तिची वेळ मुळात 10 मिनिटं असते, ती 3 करा. तिथेच खाली 'फक्त या वर्कबुकसाठी ऑटोरिकव्हर बंद' अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यात टिक नाही ना ते पाहा. दुसऱ्याकडून आलेल्या फायलीत ती कधीकधी असते. त्याच पानावर ऑटोरिकव्हरच्या फोल्डरचा पत्ता दिसतो. तो कागदावर लिहा, त्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. हे आजच करा. फोल्डर लपवलेला असतो, ऐनवेळी सापडत नाही. वरच्या कोपऱ्यातलं ऑटोसेव्ह वेगळं. ते वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच्या फायलींनाच लागू पडतं, सी ड्राइव्हवरच्या फायलीला त्याचा उपयोग नाही. आणखी एक: 3 मिनिटं झाली तरी एक्सेल जवळजवळ 30 सेकंद मोकळं असल्याशिवाय ऑटोरिकव्हरची प्रत लिहीत नाही. सलग टाइप करत असाल तर अधूनमधून हात थांबवा. जड शीट वेगळी उघडायची असेल तर ऑल्ट दाबून धरून एक्सेल सुरू करा. नाहीतर सगळी वर्कबुकं एकाच एक्सेलमध्ये असतात आणि एक मारलं की सगळी जातात.

आता हँग झाल्यावर. खिडकी पाच सेकंद उत्तर देत नसेल तर विंडोज तिच्या जागी शेवटच्या रूपाचं नुसतं चित्र लावतं. त्यावर टिचक्या मारून काही होत नाही, पण ते चित्र आहे तोवर मोबाइलने फोटो काढा, सेव्ह न केलेल्या ओळी त्यात दिसतात. मग ऑल्ट-टॅब करून मागे एखादी प्रश्नाची चौकट लपली आहे का पाहा. बऱ्याचदा तीच उत्तराची वाट बघत असते. एस्केप दाबा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. एक्सेलसमोर सीपीयूचा आकडा चालू असेल तर हिशेब चाललाय, दहा मिनिटं तरी थांबा. आकडा शून्यावर असेल तर ते कशाची तरी वाट बघतंय: बंद पडलेला प्रिंटर, नेटवर्कवरचा ड्राइव्ह, पेनड्राइव्ह. प्रिंटर सुरू करा, नेटवर्कची वायर काढून पाहा. माझी शीट पुढे एकदा अडकली तेव्हा प्रिंटरचं बटण दाबताच सुटली.

तरीही हलत नसेल तर एंड टास्क. आणि इथे थांबा. एक्सेल उघडू नका. आधी तो शॉर्टकट उघडा, आतल्या सगळ्या फायली निवडा, डेस्कटॉपवर नवीन फोल्डरमध्ये कॉपी करा. कट नाही, कॉपी. मगच एक्सेल. मी कॉपी न करता उघडलं, म्हणून एका चुकीच्या टिचकीनं सगळं गेलं. प्रत बाजूला असती तर ती टिचकी पडूनही काही बिघडलं नसतं. आधी कॉपी, मग उघडा. घरचे घाई करत असतील, ऑडिटरचा फोन येत असेल, तरीही आधी कॉपी.

उघडल्यावर पट्टीतल्या प्रत्येक प्रतीची वेळ वाचा, हवी ती वेगळ्या नावानं सेव्ह करा. जुन्या नावावर नको.

पुढचं थोडक्यात. पुन्हा पुन्हा हँग होत असेल तर कंट्रोल दाबून धरून एक्सेल सेफ मोडमध्ये उघडा. तिथे नीट चाललं तर अ‍ॅड-इन्स (एक्सेलला जोडलेले जादा प्रोग्राम, सेफ मोडमध्ये ते सुरू होत नाहीत) एकेक करून बंद करा. फाइल 'वापरात आहे' असं सांगत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जुनं एक्सेल मागे राहिलंय का बघा, तेही बंद करा. त्यानंतरही फाइलशेजारी नागमोडी रेघ आणि डॉलर चिन्हाने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल उरली असेल तर ती काढा. तीच, मूळ फाइल नव्हे.