स्पोर्ट्स कारची ऑर्डर रखडलीये? थांबायचं की कॅन्सल करायची, हे कसं ठरवायचं

मी ऑर्डर दिली तेव्हा गाडीत सीट दोन होत्या आणि घरात माणसंही दोनच होती. ऑक्टोबर 2021, इंग्लंड, 2,000 पाउंड डिपॉझिट, मॅन्युअल गिअरबॉक्स, गडद हिरवा रंग, आणि "पुढच्या उन्हाळ्यात येईल" असं हसत हसत सांगणारा सेल्समन. एप्रिल 2024 मध्ये मी ती ऑर्डर कॅन्सल केली तेव्हा घरात माणसं तीन झाली होती, गाडी अजून आलेलीच नव्हती. कंपनी कुठली, डीलर कोण ते सांगत बसत नाही. ज्यांची गाडी अशी अडकलीये त्यांनी निर्णय कसा घ्यावा एवढंच लिहितोय, कारण मी स्वतः जवळजवळ वर्षभर नुसता चिडून बसलो होतो, ठरवत काहीच नव्हतो.

सगळ्यात आधी कागद शोधा. खरंच सांगतो, निम्म्या लोकांना आपण सही कशावर केली ते आठवत नसतं. माझा फॉर्म कौन्सिल टॅक्सच्या बिलांच्या फायलीत सापडला. त्यात चार गोष्टी बघायच्या. एक, हे नुसतं रिझर्व्हेशन आहे की पक्की ऑर्डर, कारण रिझर्व्हेशनचे पैसे बहुतेक वेळा परत मिळतात आणि पक्क्या ऑर्डरमधून कापून घेऊ शकतात. दोन, किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची. तीन, तारखेच्या आधी "अंदाजे" असा शब्द आहे का (माझ्यात होता, बारीक अक्षरात, मागच्या पानावर). आणि चौथी गोष्ट कोणी बघत नाही ती म्हणजे पैसे नक्की कोणाकडे पडलेत, डीलरकडे की कंपनीकडे, आणि वेगळ्या खात्यात आहेत की त्यांच्या रोजच्या खर्चात केव्हाच मिसळून गेलेत.

डिपॉझिट पूर्ण परत मिळणार असेल तर निम्मं टेन्शन तिथेच संपलं, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. परत मिळणार नसेल तर नुसतं थांबत राहणं हाही एक निर्णयच आहे आणि तो रोज थोडा थोडा महाग होत जातो.

आता मुख्य प्रश्न, घोडं पेंड कुठे खातंय? सगळे उशीर सारखे नसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये फेलिसिटी एस नावाच्या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली, फोक्सवॅगन ग्रुपच्या 4,000 च्या आसपास गाड्या त्यावर होत्या, त्यात पोर्श होत्या, लॅम्बोर्गिनी होत्या, आणि 1 मार्चला ते जहाज बुडालंच. ज्यांची गाडी त्यात गेली त्यांना धक्का बसला असणार, पण कारण डोळ्यासमोर होतं आणि कारखाना जागेवर होता, लॅम्बोर्गिनीने तर त्यात गेलेल्या अॅव्हेंटाडोर मॉडेलच्या बदली गाड्या पुन्हा बनवल्या. त्याच सुमाराला युक्रेनमधून येणारे वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरींचे जुडगे) थांबले म्हणून पोर्शच्या लाइपझिगच्या कारखान्यात काम बंद पडलं होतं. असा उशीर म्हणजे घाटात दरड कोसळण्यासारखा, त्रास होतो पण रस्ता उघडणार हे माहीत असतं.

दुसरा प्रकार म्हणजे टीव्हीआर या ब्रिटिश कंपनीची ग्रिफिथ ही स्पोर्ट्स कार. सप्टेंबर 2017 मध्ये इंग्लंडात गुडवूडच्या गाड्यांच्या सोहळ्यात दाखवली, फोर्डचं 5 लिटरचं व्ही8 इंजिन, डिझाइन फॉर्म्युला वनच्या गाड्यांमुळे नावाजलेल्या गॉर्डन मरे यांचं, 5,000 पाउंड डिपॉझिट, वेल्स सरकारनेही कंपनीत पैसे घातले आणि कारखाना एब व्हेलला होणार म्हणून ठरलं. गाड्या 2019 पर्यंत यायच्या होत्या. कारखानाच उभा राहिला नाही. इथे अडचण एखाद्या पार्टची नव्हती, गाडी जिथे बनणार ती जागाच नव्हती! म्हणून तुमच्या गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा, की आज, या आठवड्यात, या मॉडेलची एक तरी गाडी कुठल्या लाइनवरून बाहेर पडतेय का. पडत असेल तर थांबण्यात काहीतरी अर्थ आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, टेस्ला रोडस्टर. नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर केली, 2020 ला देणार म्हणाले, रिझर्व्हेशन 50,000 डॉलरचं आणि फाउंडर्स सिरीजवाल्यांनी (पहिल्या मोजक्या गाड्या घेणाऱ्यांनी) तर 2,50,000 डॉलर आधीच भरायचे. मग 2022 झालं, मग 2023, मग 2024, मग 2025. नोव्हेंबर 2025 च्या शेअरहोल्डरांच्या मीटिंगमध्ये टेस्लाचे प्रमुख मस्क म्हणाले की 1 एप्रिल 2026 ला दाखवू आणि प्रोडक्शन त्यानंतर 12 ते 18 महिन्यांनी. (एप्रिल फूलचीच तारीख, आणि ती मुद्दाम घेतलीये हे त्यांनी स्वतःच गमतीत सांगितलं.)

यावरून मला जी ट्रिक सापडली ती सांगतो, सगळ्या लेखात कामाची गोष्ट हीच आहे. कंपनीने दिलेली प्रत्येक तारीख लिहा, आणि शेजारी ती कधी दिली तेही लिहा. मग प्रत्येक ओळीत किती वाट बघायची शिल्लक होती ते काढा. माझ्या वहीतलं पान असं होतं: ऑक्टोबर 2021 ला 9 महिने शिल्लक. जून 2022 ला "7-8 महिने लागतील". फेब्रुवारी 2023 ला "वर्षाअखेर नक्की", म्हणजे 10 महिने. नोव्हेंबर 2023 ला "पुढच्या उन्हाळ्यात", म्हणजे परत 8 महिने. दोन वर्षं थांबून गाडी एक महिना जवळ आली होती. रोडस्टरचं तेच करून बघा, 2017 मध्ये तीन वर्षं शिल्लक होती आणि आठ वर्षांनी दीड-दोन वर्षं शिल्लक. एकूण उशीर किती झाला याला मी फार महत्त्व देत नाही, उरलेला वेळ कमी होतोय का ते बघतो. कमी होत असेल, समजा 9 चे 6 आणि 6 चे 3, तर शिव्या देत का होईना पण थांबा. तेवढाच राहत असेल तर समोरच्याला स्वतःलाच माहीत नाही गाडी कधी येणार.

वहीतलं पान भरलं की डीलरला फोन करा, पण "कधी येणार?" विचारू नका, त्याला काहीही उत्तर देता येतं. मला दोन वर्षं "तुम्ही लाइनीत खूप पुढे आहात" एवढंच ऐकू येत होतं, मागे चहाच्या किटलीचा आवाज. शेवटी विचारलं की या वर्षी तुमच्या शोरूमला एकूण किती गाड्या मिळणारेत आणि माझा नंबर कितवा? बराच वेळ शांतता. मग म्हणाला चार, आणि तुमचा अकरावा. तो माणूस वाईट नव्हता हो, आधी कोणी विचारलंच नव्हतं त्याला. बिल्डचा आठवडा ठरलाय का, चासी नंबर पडलाय का, आणि किंमत लॉक आहे का, हे तीनही विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा, फोनवरचं गोड बोलणं नंतर काही उपयोगाचं नाही.

पैशाचा हिशोब. 2,000 पाउंड अडकले तर दुखतं, पण घर चालतं. 50,000 डॉलर वेगळी गोष्ट आहे. वर्षाला 4 टक्के धरले तरी आठ वर्षांत त्याचे 68,000 च्या वर झाले असते. आणि ज्या दिवशी रोडस्टर दाखवली त्या दिवशी टेस्लाचा शेअर 312 डॉलरच्या आसपास होता, म्हणजे 160 शेअर आले असते, पुढे 2020 ला एकाचे 5 झाले आणि 2022 ला एकाचे 3, म्हणजे 2,400 शेअर. शेअर 400 डॉलरला धरला तरी साडेनऊ लाख डॉलरच्या वर. हा हिशोब करून रडायचं नाही, गेलं ते गेलं, पण आजपासून पुढे तुमचे पैसे तिथे बिनव्याजी पडणार आहेत एवढं कळण्यापुरता तो चांगला आहे. आणि कंपनी बुडाली तर तुम्ही देणेकऱ्यांच्या रांगेत, तेही मागे. अमेरिकेत ग्राहकाच्या डिपॉझिटला दिवाळखोरीत 3,800 डॉलरपर्यंत थोडं प्राधान्य मिळतं, त्यावरचं देवाच्या हवाली. ब्रिटनमध्ये लोक म्हणतात क्रेडिट कार्डाने भरलेत ना, मग सेक्शन 75 आहे (माल आला नाही तर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरणारं कायद्याचं कलम), पण ते संरक्षण 30,000 पाउंडपर्यंतच्या वस्तूला आहे, आणि ती मर्यादा गाडीच्या किमतीला लागते, डिपॉझिटला नाही. स्पोर्ट्स कार त्यात सहसा बसत नाही. मलाही हे फार उशिरा कळलं.

अजून एक आरसा म्हणजे सेकंडहँड बाजार. आपल्या आईवडिलांच्या पिढीने बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि ते वेडे नव्हते, कारण दुसरा पर्याय नव्हता आणि हातात आलेली चेतक बाहेर जास्त भावाने जायची. तोच नियम इथे लावा. तुमच्या मॉडेलची थोडी चाललेली गाडी नव्या किमतीपेक्षा वर विकली जात असेल तर रांगेतल्या तुमच्या नंबरला किंमत आहे, घाई करू नका (पण नंबर दुसऱ्याला विकता येतो का ते फॉर्ममध्ये बघा, बहुतेक ठिकाणी मनाई असते). ती नव्यापेक्षा खाली आली असेल तर तुम्ही स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टीसाठी महाग रांगेत उभे आहात. माझ्या बाबतीत 3,000 मैल चाललेली गाडी नव्यापेक्षा तब्बल 7,000 पाउंडने खाली मिळत होती आणि मधल्या काळात नवीची किंमत दोनदा वाढली होती.

आणि स्वतःकडे बघा. मुलगी झाली तेव्हा मी टेप घेऊन गॅरेजमध्ये काय मोजत होतो देव जाणे. दोन सीटच्या गाडीत मागे तोंड केलेली बेबी सीट पुढेच लावावी लागते, आणि पुढची एअरबॅग बंद करता येत नसेल तर ते इथे बेकायदेशीर आहे. बायको दारात उभी राहून म्हणाली, "बाजारात तुरी." पुढची म्हण तिने पूर्ण केली नाही, गरज नव्हती. मग स्वतःला एक प्रश्न विचारला, समजा आज डिपॉझिट खिशात आहे आणि बुकिंग केलेलंच नाही, तर आजच्या किमतीला, आजच्या तारखेला, मी ते उद्या सकाळी जाऊन भरेन का? "इतकी वर्षं थांबलोय" हे उत्तरात येऊ द्यायचं नाही, ती वर्षं दोन्हीकडून गेलीच आहेत. माझं उत्तर नाही आलं. तुमचं हो आलं तर खुशाल थांबा, निदान कुरकुर तरी बंद होईल. आणि हे विचारायच्या आधी एकदा तशीच गाडी एका दिवसासाठी भाड्याने घेऊन चालवा, मी घेतली होती, मजा आली, पण संध्याकाळी कंबर धरली तेही सांगितलं पाहिजे.

भारतात असाल तर गणित थोडं वेगळं. बुकिंग फॉर्मवर किंमत बहुतेक डिलिव्हरीच्या दिवसाचीच असते, त्यामुळे कर वाढला तर तुमच्या डोक्यावर आणि कमी झाला तर तुमचा फायदा. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरळ 40 टक्के जीएसटी झाला, आणि जुलै 2025 मध्ये सही झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात तिकडून येणाऱ्या गाड्यांची ड्युटी ठरावीक कोट्यात टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत उतरायची आहे. ब्रिटिश गाडी बुक केली असेल तर उशीर तुमच्या बाजूनेही असू शकतो, तेवढं तपासा. उलट बाजूला 2016 मध्ये टेस्ला मॉडेल 3 साठी 1,000 डॉलर भरलेल्या भारतीयांना नऊ वर्षांनी, 2025 मध्ये पैसे परत देतो म्हणून ईमेल आले, आणि मग जुलैमध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं ते मॉडेल वाय घेऊन. डीलर पैसे अडवत असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

कॅन्सल करायचं ठरलं की फोनवर करू नका. ईमेल लिहा, ऑर्डर नंबर, भरलेली रक्कम, भरल्याची तारीख, दिलेल्या आणि चुकवलेल्या सगळ्या तारखा (ते वहीतलं पान इथे कामाला येतं), आणि पैसे किती दिवसांत हवेत ते. भांडायचं नाही, कारणांचं पुराण लावायचं नाही. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ठरलेल्या वेळी माल आला नाही तर तुम्ही वाजवी मुदत देऊ शकता, आणि तीही चुकली तर करार संपवून पैसे परत मागू शकता. म्हणून ठाम ठरत नसेल तर आधी मुदतीचं पत्र पाठवा, चार-सहा आठवड्यांची, गाडी खरंच येणार असेल तर त्यात हालचाल दिसते. मी पाठवलं, उत्तरात परत "उन्हाळा" आला.

ईमेल पोचलाय याची खात्री करा. ऑक्टोबर 2025 मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी 2018 मध्ये केलेलं रोडस्टरचं रिझर्व्हेशन रद्द करायला ईमेल पाठवला तर तो पत्ताच बंद होता, ईमेल परत आला, त्यांनी ते जगाला दाखवलं तेव्हा मस्क म्हणाले की पैसे 24 तासांत दिलेत. आपल्यामागे एवढी पब्लिक नाही, तेव्हा एक प्रत पोचपावती मिळेल अशा पोस्टाने टाका. आणि डिपॉझिट ज्या कार्डावरून भरलं होतं ते अजून चालू आहे का बघा. माझं मधल्या काळात एक्सपायर झालं होतं, डीलरने रिफंड त्यावरच पाठवला आणि ते 2,000 पाउंड अकरा दिवस बँकेत कुठेतरी फिरत होते, तीन फोन केल्यावर खात्यात आले. ईमेलमध्येच नवा खाते नंबर लिहा, आणि तो खरा तुमचाच आहे हे पडताळायला त्यांना फोन करायला सांगा.