क्रूझच्या केबिनमध्ये चार्जर लावताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या तोंडावर एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, नाहीतर मुलाने आई-वडिलांचं बुकिंग केलेलं असतं. "मालक, क्रूझवर चाललोय. ते सगळ्या देशांत चालतंय तसलं पिन द्या की."

पूर्वी मी मुकाट्याने कपाटातला युनिव्हर्सल ॲडॅप्टर काढून द्यायचो. आता आधी विचारतो, "बरोबर काय काय नेताय ते सांगा." निम्म्या वेळा गिऱ्हाईक ठरवून आलेल्यापेक्षा कमी घेऊन जातं. धंद्याच्या हिशेबाने हे बरं नाही. पण आई आणि बायकोला घेऊन मी स्वतः सिंगापूरहून क्रूझला गेलो, तेव्हा बावीस वर्षं पिना विकलेल्या माणसाचीही फजिती झाली होती.

बंदर ज्या देशाचं, सॉकेट त्या देशाचं असं धरून चालणं

सिंगापूरला हॉटेलात तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश सॉकेट असतं, दुबईतही तेच. म्हणून लोक तेवढंच पिन घेतात आणि जहाजावर चढल्यावर ते हातात धरून भिंतीकडे बघत बसतात. जहाजाच्या सॉकेटचा बंदराशी संबंध नसतो. जहाज कुणासाठी बांधलं त्यावर ते ठरतं. बहुतेक मोठ्या जहाजांच्या केबिनमध्ये दोन प्रकार शेजारीशेजारी दिसतात. एक अमेरिकन, चपट्या पात्यांचं, ११० व्होल्टचं. दुसरं युरोपियन, दोन गोल भोकांचं, २२० व्होल्टचं. ब्रिटिश प्रवाशांसाठीच्या जहाजांवर चौकोनी तीन पिनांचंही असतं. आपली तीन गोल पिनांची मात्र तिथे कुणाला ठाऊक नाही.

नव्या जहाजांत पलंगाशेजारी यूएसबी असतं. जुन्यात ते धरूच नका. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' घ्या. ते जहाज १९९० सालचं. तेव्हा प्रवासी दाढीचं मशीन आणि फार तर कॅमेरा आणायचे, त्या काळाच्या केबिनमध्ये सॉकेट किती असणार? सांगलीहून रात्री महालक्ष्मी धरून सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथून जवळच बॅलार्ड पिअर, इतकं ते आपल्याला सोयीचं झालंय. म्हणून बुकिंग करतानाच एजंटाला विचारा, केबिनमध्ये कुठली सॉकेट आणि किती. नुसतं "हो हो, चार्जिंग पॉइंट आहे" या उत्तरावर फोन ठेवू नका.

'टाइप-सी आहे' ऐकून निश्चिंत होणं

हा घोळ गेल्या चार-पाच वर्षांतला. केबिनमध्ये टाइप-सी आहे, असं एजंट सांगतो. तो बोलत असतो भिंतीतल्या दोन गोल भोकांबद्दल, कारण प्लगच्या प्रकारांमध्येही एकाचं नाव टाइप-सी आहे. गिऱ्हाईक समजतं मोबाइलच्या केबलचं टाइप-सी आणि फक्त केबल घेऊन निघतं, चार्जरचा ठोकळा घरीच. केबल भिंतीत कशी घुसणार? विचारताना "दोन गोल भोकं की मोबाइलची केबल?" असं शब्दात विचारा.

एक मात्र बरं आहे. आपल्या मोबाइल चार्जरच्या बारीक दोन गोल पिना, साधारण चार मिलिमीटर जाडीच्या, युरोपियन सॉकेटमध्ये थेट बसतात. तिथे ॲडॅप्टर लागतच नाही. जाड पिना बसत नाहीत, त्या रेटू नका.

ॲडॅप्टर व्होल्टेज बदलतो, असा समज

माझी फजिती इथेच झाली. आईला दम्याचा त्रास, म्हणून तिचं नेब्युलायझर बरोबर होतं. पहिल्या रात्री अकराच्या सुमारास तिला धाप लागली. मी घाईत युनिव्हर्सल ॲडॅप्टर ड्रेसिंग टेबलावरच्या चपट्या सॉकेटमध्ये खोचला, त्यात मशीनची पिन घातली आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं, पण मास्कमधून वाफ येईना. आई मास्क तोंडाला धरून माझ्याकडे बघतेय, बायको म्हणतेय, "अहो, तुमचंच दुकान आहे ना?"

मशीन उलटं केलं. खाली लिहिलेलं: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सॉकेट ११० चं. पिन बसली म्हणजे वीजही जुळली, हा गैरसमज मी रोज गिऱ्हाइकांचा काढतो आणि त्या रात्री स्वतःच त्यात सापडलो. शेजारीच २२० व्होल्टचं गोल सॉकेट होतं. त्यात ॲडॅप्टर लावायला गेलो तर लागेना. युरोपियन सॉकेट भिंतीत गोल वाटीसारखं खोल असतं आणि माझ्या ॲडॅप्टरचा चौकोनी डबा त्या वाटीच्या काठावरच अडत होता. शेवटी तो बाजूला टाकला, मशीनची दोन बारीक पिनांची वायर तशीच थेट लावली आणि वाफ सुरू झाली. आठशे रुपयांच्या ॲडॅप्टरचं काही काम पडलं नाही.

तेव्हा बॅग भरण्याआधी प्रत्येक वस्तूवरचं बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. 'इनपुट १००-२४०' लिहिलं असेल तर ती वस्तू दोन्ही सॉकेटवर चालते. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर जवळजवळ सगळे असेच असतात, त्यांना फक्त पिनांचा आकार जुळवायचा. नुसतं '२३०' किंवा '२२०-२४०' असेल तर ती वस्तू ११० व्होल्टला मरगळते. अर्ध्या व्होल्टेजला अर्धं काम होईल असं वाटतं, पण तापणाऱ्या वस्तूचं हिशेबाने जेमतेम पाव होतं. हजार वॅटचा हेअर ड्रायर सव्वादोनशेवर येतो, म्हणजे केसांवर नुसती फुंकर. तसा ड्रायर बहुतेक केबिनमध्ये असतोच, घरचा नेऊच नका.

जहाजावर वीज बहुधा ६० हर्ट्झची असते, आपली ५०. चार्जरला फरक पडत नाही. मोटर किंवा पंप असलेल्या औषधोपचाराच्या मशीनबद्दल मात्र निघण्याआधी कंपनीला विचारून घ्या. आईचं मशीन त्या सॉकेटवर चाललं, पण घरच्यापेक्षा चढ्या आवाजात.

स्पाइक गार्ड बरोबर नेणं

वळवाच्या पावसात ज्याचा टीव्ही एकदा उडालाय, तो माणूस आयुष्यभर स्पाइक गार्डशिवाय काही लावत नाही. घरी हे शहाणपणच आहे. जहाजावर मात्र हीच वस्तू सुरक्षा तपासणीत काढून घेतात. माझीही घेतली. एक्स-रे मशीनच्या पलीकडच्या मुलाने बॅगेतून ती अशी अलगद काढली, जणू तिला मेहुणीच्या लग्नापासून ओळखत होता.

तेव्हा राग आला. नंतर कारण वाचलं आणि पटलं. आपल्या घरात दोन तारांपैकी एक फेज, एक न्यूट्रल. न्यूट्रल डीपीपाशी जमिनीत अर्थ केलेली असते, म्हणून टेस्टर एकाच भोकात पेटतो. जहाजावर बऱ्याच ठिकाणी अशी व्यवस्था नसते. दोन्हीपैकी एकही तार जहाजाच्या पोलादी सांगाड्याला बांधलेली नसते, त्यामुळे सांगाड्याच्या मानाने दोन्ही तारा जिवंत. हे मुद्दाम केलेलं असतं. एखादी तार कुठे सांगाड्याला टेकली, तर तेवढ्यावरून सप्लाय जाऊन भर समुद्रात पंप किंवा सुकाणू बंद पडू नये.

आता स्पाइक गार्ड उघडून बघा. आत नाण्याएवढी एक चकती दिसेल, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. जादा व्होल्टेज आलं की ते अर्थकडे वळवायचं, हे तिचं काम. जहाजावर दुसरीकडे कुठे एक तार सांगाड्याला टेकली, की उरलेल्या तारेचं पुरं व्होल्टेज या चकतीवर येऊ शकतं. चकती तापते, प्लास्टिक वितळतं. त्यात गार्डचं बटण एकच तार तोडतं, दुसरी जिवंतच राहते. आपण समजतो बंद केलं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये नेमकी हीच धोक्याची सूचना काढली होती. जहाजावर आग लागली तर बाहेर पळायला रस्ता नाही, हे सांगायला तटरक्षक दल लागत नाही.

साध्या, स्पाइक गार्ड नसलेल्या एक्स्टेंशनचं काय? याचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात आणि अलीकडे कडक होत चाललेत. काही ठिकाणी तीन तोंडांचा मल्टिप्लगही चालत नाही. झोपेत लावायचं श्वासाचं मशीन असेल, तर बुकिंग करतानाच कळवून ठेवा. त्यासाठी जहाजावरून एक्स्टेंशन देतात.

बाकीच्यांसाठी माझा सल्ला एकच: चार पोर्टांचा एक चांगला यूएसबी चार्जर, त्याला चपट्या पिनांचा छोटा ॲडॅप्टर आणि दोन मीटरच्या केबली. सॉकेट बहुधा टेबलापाशी असतं आणि पलंग लांब, म्हणून केबल लांबच घ्या.

घरचा संसार बॅगेत भरणं

पाणी तापवायची रॉड, किटली, इस्त्री यांतलं काहीही नेऊ नका. अगरबत्ती आणि निरांजनही नाही, केबिनमध्ये पेटती वस्तू चालत नाही. सांगून कुणी ऐकत नाही, तरी सांगतो.

चार्ज होत नसेल तर

आधी दाराजवळची खाच बघा. बऱ्याच केबिनमध्ये तिथे कार्ड खोचल्याशिवाय वीज येत नाही. तुम्ही फोन लावून जेवायला जाता, जाताना कार्ड काढून नेता आणि परत येऊन बघता तर चार्जिंग बारा टक्क्यांवरच. काही केबिनमध्ये एखादं सॉकेट कार्डाशिवायही चालू राहतं, ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

दुसरं, बटण शोधू नका. आपल्या बोर्डावर प्रत्येक सॉकेटला बटण असतं. अमेरिकन आणि युरोपियन सॉकेटला नसतं, लावलं की सुरू.

बाथरूममधलं आरशाजवळचं सॉकेट दाढीच्या मशीनसाठी असतं. त्याची ताकद नावापुरती, त्यावर फोन किंवा ड्रायर लावू नका. टीव्ही किंवा फ्रिजची पिन काढून आपलं लावणं हाही आपल्याकडचा आवडता उपाय. फ्रिजमध्ये कुणाचं इन्सुलिन असेल तर महागात जातो.

आणि एक सवय सांगलीतच सोडून जा. अर्थच्या भोकात पेनाचं टोपण किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचा, आतली झडप उघडायची आणि दोन पिनांचा चार्जर रेटायचा. ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटलाही अशीच झडप असते आणि ती मुलाबाळांच्या बोटांसाठीच ठेवलेली असते. सिंगापूरच्या हॉटेलात माझ्या हातात पेन आलंच होतं, बायकोने काढून घेतलं.

पिन तापली, वास आला किंवा केबिनमधली वीज गेली तर वस्तू काढा आणि केबिनच्या माणसाला फोन करा. पॅनेलचं झाकण उघडून बघायचा मोह मला झाला होता, तुम्हाला होऊ नये.

परतीच्या आदल्या रात्री

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या थेट बंदरावर मिळतात. चार्जर त्यात गेला तर सकाळी फोन मेलेला आणि टॅक्सी बोलवायची कशी? तो हातातल्या पिशवीत ठेवा. पॉवर बँकही हातातच, कारण विमानात ती चेक-इन बॅगेत चालत नाही. वीस हजार एमएएचची साधारण ७४ वॅट-अवरची होते. मर्यादा १०० ची आहे, म्हणजे चालते. टेबलामागच्या सॉकेटमध्ये ॲडॅप्टर राहिलाय का, हे वाकून बघा.

जप्त केलेली वस्तू उतरताना परत मिळते, त्यासाठी मिळालेली चिठ्ठी जपून ठेवा. माझा स्पाइक गार्ड मी तसाच परत आणला. केबिन नंबरची ती चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली आहे. दुकानात काउंटरखाली तो मिक्सर टेस्ट करायला वापरतो.