लांब समुद्रप्रवासात शिडाच्या बोटीवरचा दिवस कसा लावायचा

आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला जायचं म्हणजे साधारण २,७०० सागरी मैल. शिडाच्या मध्यम आकाराच्या बोटीने दिवसाला १२० ते १५० मैल धरले, तर १८ ते २३ दिवस. वाटेत वादळ गाठेल की नाही सांगता येत नाही, पण झोप अपुरी पडणार हे नक्की. पेंगुळलेला माणूस भलताच दोर सोडतो. म्हणून बोटीवरचं प्रत्येक काम झोपलेल्याची झोप मोडणार नाही अशा बेताने लावा.

दोघंच असाल तर रात्री तीन-तीन तासांच्या चार पाळ्या करा: ८ ते ११, ११ ते २, २ ते ५, ५ ते ८. कुणाची कुठली पाळी हे एकदा ठरलं की बदलू नका. अंगाला सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात आणि अदलाबदल केली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पश्चिमेला जाताना दर १५ रेखांशांना स्थानिक वेळ एक तासाने मागे जाते. मधेच घड्याळं फिरवू नका, नाहीतर पाळी कधी संपली यावरूनच भांडणं होतात.

पाळीवरच्याने दर दहा मिनिटांनी उभं राहून क्षितिज पूर्ण फिरून बघायचं, पुढच्या शिडाने झाकलेला भाग वाकून बघायचा. दहाच का? मोठं जहाज आपल्याला सहा ते आठ मैलांवर दिसतं. ते २० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) समोरून येत असेल आणि आपण ६ नॉटने जात असू, तर सहा मैल चौदा मिनिटांत संपतात. एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून दाखवणारं यंत्र, जरूर लावा, पण सगळ्याच मासेमारी बोटींवर ते नसतं. स्वयंपाकघरातला टायमर गळ्यात अडकवा. बसल्या जागी डुलकी लागतेच.

हार्नेसचा, म्हणजे बोटीला बांधून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांचा, हूक जिन्यावर असतानाच अडकवा, वर कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या, खोलगट जागेत) आल्यावर नाही. डेकवर आडव्या टाकलेल्या सुरक्षा-दोऱ्या चपट्या पट्टीच्या हव्यात, कारण गोल दोर पायाखाली लोळतो. रात्री डेकवर पुढे जायचं असेल तर मात्र झोपलेल्याला उठवायचंच. इथे झोपेचा विचार नाही.

झोपायला बोटीच्या मध्यावरची, कललेल्या बाजूची खालची जागा उत्तम. तिथे हेलकावे सर्वांत कमी. अंथरुणाच्या कडेला कापडाची आड ताणून बांधा. कपाटात एकमेकांवर आपटणाऱ्या बाटल्यांना मोजे घाला. एक सैल डबा अख्खी रात्र खातो.

उजाडलं की डेकची फेरी, रोज, न चुकता. लांब प्रवासात दोर ताणाने क्वचितच तुटतो, तो घासून तुटतो. शीड वर चढवणारा हॅलयार्ड डोलकाठीच्या टोकाच्या पुलीवर एकाच जागी, प्रत्येक लाटेसरशी थोडासा, दिवसात हजारो वेळा घासला जातो. रोज तो दहाएक सेंटिमीटर सैल किंवा ताठ करा, म्हणजे घासणारी जागा बदलेल. पुढच्या शिडाचे दोर नुसते बघू नका, मुठीत धरून हात फिरवा. आधी कापसासारखी लव लागते, मग वरचं विणकाम उसवतं, मग आतला गाभा दिसतो. लव लागताच दोराची टोकं उलटून घ्या. डेकवर पिन किंवा नट सापडला तर खिशात ठेवा आणि मान वर करून तो कुठून पडला ते शोधा. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, पाणी असेल तर थेंबभर जिभेला लावून बघा: खारट असेल तर समुद्र आत येतोय, गोडं असेल तर टाकी गळतेय.

पिण्या-रांधायला माणशी दिवसाला ४ लिटर धरा. दोघांचे २३ दिवसांचे १८४ लिटर; दीडपट म्हणजे २७६ लिटर घेऊन निघा. ते दोन टाक्यांत विभागा आणि थोडं कॅनमध्ये वेगळं ठेवा. टाकीतलं पाणी नळाला ढकलणारा प्रेशर पंप वापरून झाल्यावर बंद करा. जोड निसटला तर तो रातोरात टाकी रिकामी करतो. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी हिशेब त्याच्या भरवशावर करू नका. अंघोळ समुद्राच्या पाण्याने, भांड्यांच्या साबणाने. त्याला खाऱ्या पाण्यात फेस येतो. शेवटी एक लिटर गोडं पाणी अंगावर घ्या आणि लगेच पुसा, नाहीतर मीठ राहून मांड्यांवर फोड येतात.

पहिल्या तीन दिवसांचं जेवण किनाऱ्यावरच रांधून घ्या. तेव्हा बहुतेकांना मळमळतं. पुढे झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर सर्वांत सुरक्षित. उघडी भांडी अर्धीच भरा. चहा ओतताना कप हातात धरू नका, सिंकमध्ये ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, म्हणून रांधून झाल्यावर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि ज्योत आपोआप विझू द्या.

अंधार पडायच्या आत मोठं शीड एक टप्पा आखडून ठेवा. वेग थोडा जाईल, पण रात्री दोनला दोघांना डेकवर यावं लागणार नाही. पाळी बदलताना वाऱ्याची दिशा, दिसलेली जहाजं आणि आखडलेली शिडं तोंडी सांगा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा दिवे लालच ठेवा. आणि खाली उतरणाऱ्याने ओले कपडे जिन्याजवळच काढायचे. अंथरुणात एकदा मीठ गेलं की अंथरूण मुक्कामाला पोचेपर्यंत वाळत नाही.