मैत्रिणीचं विनोदी पुस्तक लोकांना कसं सुचवायचं

मी ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसते. "काहीतरी हलकंफुलकं द्या" ही मागणी रोजचीच, आणि तिला काय उत्तर द्यायचं ते मला आता बऱ्यापैकी जमतं. पण माझ्या मैत्रिणीचा आत्मपर विनोदी कथांचा संग्रह निघाला आणि तोच सुचवायची वेळ आली, तेव्हा गणित बदललं. मैत्रिणीचं पुस्तक म्हटलं की समोरचा माणूस तुमच्या कौतुकातलं निम्मं मनातल्या मनात वजा करतो. चांगलंच म्हणणार, दुसरं काय म्हणणार! ही वजाबाकी होणार हे धरूनच शिफारस करायची.

आधी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचा, अगदी शेवटपर्यंत. खरोखर हसू आलं तिथे समासात रेघ मारा. जिथे हसू आलं ते केवळ ती माणसं तुमच्या ओळखीची आहेत म्हणून, तिथे फुली. प्रामाणिकपणे केलंत तर फुल्या बऱ्याच निघतात. माझ्या प्रतीत तिच्या वडिलांवरच्या कथेत फुल्याच फुल्या आहेत, कारण वाचताना मला त्यांची शिंक ऐकू येत होती. तिसऱ्या मजल्यावर शिंकले की तळमजल्यावरचं मूल जागं व्हायचं. ती शिंक पुस्तकात कुठेच नाही, माझ्या कानात आहे. शिफारस करायची ती फक्त रेघांच्या जोरावर.

रेघ की फुली असा प्रश्न पडला तर ते पान तुमच्या मैत्रिणीला कधीही न भेटलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. "ऐक, भारी आहे" अशी प्रस्तावना नको, सरळ वाचायला लागा. हसू आलंच तर नेमकं कोणत्या वाक्याला आलं ते टिपून ठेवा. बऱ्याचदा ते तुमच्या लाडक्या वाक्याला येतच नाही, त्याच्या आधीच्या साध्या वाक्याला येतं.

बोलताना किंवा लिहिताना मैत्री पहिल्याच वाक्यात सांगून मोकळं व्हा. "लेखिका माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे, आणि एका कथेत मीही आहे." मी त्या कथेत प्रत्येक बिल तीनदा तपासणारी बाई म्हणून येते. खरं आहे, त्यामुळे तक्रार नाही. हे आधीच सांगितलं की पुढचं ऐकताना माणूस निर्धास्त असतो. नंतर कुठून तरी कळलं तर तुम्ही खरं बोललेलंही खोटं ठरतं. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये स्वतःच्याच काव्यसंग्रहाची परीक्षणं निनावी लिहून छापून आणली होती. एवढा मोठा कवी, पण त्याच्याबद्दल बोलताना अजूनही लोक ही गोष्ट काढतातच.

आता मुख्य मुद्दा. हसण्याची हमी देऊ नका. "खळखळून हसाल", "पोट धरून हसाल", "एका बैठकीत संपवाल" ही वाक्यं मलपृष्ठांवर इतकी छापली गेली आहेत की आता ती कुणी वाचतसुद्धा नाही. शिवाय हमी दिली की वाचक हाताची घडी घालून बसतो: बघू या, हसवा! दुःखी कथेला एवढी कडक परीक्षा द्यावी लागत नाही. विनोदाला लागते, आणि ती तुम्हीच लावलेली असते.

त्याऐवजी विनोद कोणत्या जातीचा आहे ते सांगा. हसू कुणावर आहे, स्वतःवर की दुसऱ्यांवर? माझ्या मैत्रिणीचं नव्वद टक्के स्वतःवर आहे, उरलेलं नवऱ्यावर, आणि नवऱ्याला ते चालतं. मजा घटनेत आहे की सांगण्यात? काहींच्या आयुष्यात खरोखर विचित्र गोष्टी घडतात, काहींच्या आयुष्यात काहीच घडत नाही आणि ते काहीच न घडणं ते झकास सांगतात. तिसरी गोष्ट, पुस्तकात दुःख किती आहे? आत्मपर विनोदात ते असतंच. या संग्रहात आईच्या आजारपणावर एक कथा आहे. तीही हसवते, पण ज्याच्या घरात सध्या तेच चाललंय त्याला ते आधी सांगायला हवं. घ्यायचं की नाही ते तो ठरवेल.

मग एक प्रसंग सांगा. एकच, आणि तोही अर्धा. मी हा सांगते: चाळिशी उलटल्यावर ही बाई पोहायला शिकायला जाते. वर्गातली बाकी सगळी मुलं सात-आठ वर्षांची, आणि पाण्यात उतरायला घाबरणारी ही एकटीच. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर दांडी घट्ट धरून उभी असताना एक चिमुरडी तिला धीर द्यायला येते. इथे थांबायचं! चिमुरडी काय म्हणते ते सांगायचं नाही, जीभ कितीही वळवळली तरी. समोरचा "मग?" म्हणाला की काम झालं. आणि "मग?" आलंच नाही तर आणखी तीन किस्से सांगत सुटू नका, हे पुस्तक त्याच्यासाठी नाही. लोक नेमकी इथे घाई करतात. सगळ्यात विनोदी वाक्य तोंडाने सांगून टाकतात, तेही कमी ठसक्यात, आणि वर म्हणतात, "पुस्तकात वाचताना अजून मजा येते." आता कशाला येईल?

आत्मपर लेखनाची आणखी एक भानगड म्हणजे त्यातली माणसं हयात असतात. मैत्रिणीने नावं बदललेली असतात, एखाद्याचा धंदा बदललेला असतो, दोन आत्यांची मिळून एक केलेली असते. तुम्हाला खरी माणसं माहीत असतात आणि लोक हमखास विचारतात, "तो चिक्कू साहेब म्हणजे कोण हो?" उत्तर ठरवून ठेवा. माझं असं आहे: "पुस्तकात आहे तेवढाच मलाही माहीत आहे." हसत म्हणते, पण पुढे एक अक्षर नाही. लेखिकेने झाकलेलं नाव शिफारस करणाऱ्याने उघडं पाडलं तर त्याचा त्रास लेखिकेला होतो.

"हे सगळं खरंच घडलंय का?" हा प्रश्नही येणार. साक्षीदार व्हायला जाऊ नका. वीस वर्षांपूर्वीचं संभाषण कुणालाच शब्दशः आठवत नसतं, ते नव्याने रचावं लागतं, आणि विनोदी लेखक ते जरा घट्ट रचतो. मी जिच्यात आहे त्या कथेत धो धो पाऊस पडतोय. त्या दिवशी रखरखीत ऊन होतं. हे तिला सांगून झालंय. वाचकांना सांगायचं नाही. कथेला पाऊसच बरा दिसतो.

एक उणीवही सांगा, खरी आणि नेमकी. "शेवटच्या दोन कथा जरा लांबल्यात" किंवा "प्रवासाची कथा आधी वाचू नका, ती सगळ्यात फिकी आहे." यातून वाचकाला कुठून सुरुवात करायची ते कळतं, आणि तुमच्या कौतुकातून होणारी ती वजाबाकीही थोडी कमी होते. मैत्रिणीला वाईट वाटेल का? वाटेल. म्हणून लिहिलेली शिफारस आधी तिला वाचायला पाठवू नका. नाव, प्रकाशक, पृष्ठसंख्या एवढं तपासून घ्या, मत तुमचंच राहू द्या.

कुणाला सुचवायचं हे काय सुचवायचं याइतकंच महत्त्वाचं. छोट्या स्वतंत्र कथा असतील तर झोपण्यापूर्वी दहा मिनिटं वाचणारे, प्रवासात वाचणारे, आणि बरीच वर्षं वाचन सुटलेले लोक, हे हक्काचे वाचक. पुढे काय होतं या ओढीने रात्र जागवणाऱ्याला द्याल तर तो पन्नासाव्या पानावर "पण गोष्ट कधी सुरू होणार?" विचारेल. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला भेटायला जाताना विनोदी पुस्तक नेऊ नका. टाके असताना हसणं ही शिक्षा असते. टाके निघाल्यावर न्या.

लेखी शिफारस असेल तर पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखिका, प्रकाशक आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, द्या. २००७ पासून तो तेरा आकडी आहे, आणि तो हातात असला की सारख्या नावाच्या पुस्तकांचा घोळ होत नाही. ॲमेझॉनवर मात्र परीक्षण टाकायला जाऊ नका. लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रमैत्रिणींनी तिथे परीक्षण लिहायला त्यांच्या नियमांत मनाई आहे आणि अशी परीक्षणं काढून टाकली जातात. आपल्या नावाने, आपल्या भिंतीवर किंवा गटात लिहा. तिथे कुणीतरी "पीडीएफ आहे का?" विचारणारच. "नाही" एवढंच उत्तर पुरे, तुमच्याकडे असली तरी.

एखाद्या नामवंताने मैत्रिणीला खासगी निरोपात कौतुक कळवलं असेल तर ते त्याला विचारल्याशिवाय तुमच्या शिफारशीत घुसडू नका. व्हिटमनच इथेही कामाला येतो. त्या काळचा नामवंत अमेरिकन लेखक इमर्सन याने त्याला पत्रातून शाबासकी दिली होती. त्याने १८५६ च्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं वाक्य सोनेरी अक्षरांत इमर्सनच्या नावासह छापलं, परवानगी न घेता.

स्वतःची प्रत उसनी देत असाल तर पेन्सिलीच्या खुणा आधी खोडा. रेघ दिसली की वाचक तिथे हसायची तयारी करून बसतो, आणि फुलीचा अर्थ तुम्हाला कुणालाच समजावता येणार नाही. पुस्तक दिल्यावर महिनाभर "वाचलंस का?" विचारू नका. वाचलं असेल आणि आवडलं असेल तर तो स्वतःहून त्या चिमुरडीबद्दल बोलेल. "मला नाही बाबा हसू आलं" म्हणाला तर वाद घालू नका, विनोद समजावून तर मुळीच सांगू नका. कोणत्या पानाशी सोडलं तेवढं विचारून घ्या, पुढच्या माणसाला देताना उपयोगी पडतं. आणि हे सगळं मैत्रिणीला कळवायला जाऊ नका. तिने विचारलंच तर सांगा, प्रत अजून बाहेर फिरते आहे.