सर्दी-फ्लूवर निसर्गोपचार करताना या चुका टाळा

जलनेती म्हणजे लोट्याने मिठाचे कोमट पाणी सोडून नाक धुणे. ती केल्यावर नाक आणि कपाळ झोंबले की लोक जलनेतीच सोडून देतात. चूक बहुतेक वेळा मिठाच्या मापात असते. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम बारीक मीठ लागते, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा. मीठ कमी पडले तर नाकातले अस्तर पाणी शोषून फुगते आणि आग होते. जास्त झाले तरी झोंबतेच. खडेमीठ चमच्याने मोजू नका, माप हमखास चुकते.

त्याहून मोठी चूक पाण्याची. सकाळच्या घाईत गीझरचे कोमट पाणी थेट लोट्यात घेतले जाते. साठवलेल्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोचला तर रुग्ण क्वचितच वाचतो. असे फार कमी वेळा घडते, पण टाळणे अगदी सोपे आहे. पाणी प्युरिफायरचे असले तरी खळखळ उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या. लोटाही दर वेळी धुऊन कोरडा करा.

पाणी घशात उतरतेय? मान वर राहिली आहे. कमरेतून वाका, तोंडाने श्वास घ्या, मध्येच बोलू नका. नंतर एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलात तर पाणी कानाकडे ढकलले जाते. दोन्ही मोकळ्या ठेवून हलके फुंका. नाक पूर्ण चोंदलेले असेल किंवा कान दुखत असेल तर जलनेती नकोच.

वाफेला साधे पाणी पुरते. पातेले मांडीवर किंवा गादीवर कधीही घेऊ नका आणि लहान मुलांना अशी वाफ देऊच नका. भाजते ते इथेच.

गांधीजींनी 1946 साली पुण्याजवळच्या उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केले, तेव्हा भर होता माती, पाणी, ऊन, हवा आणि आहारावर. आज घरोघरी भर असतो काढ्यावर, तोही दिवसातून चार-चारदा. मिरी-सुंठ जास्त झाली की पोटात आग पडते. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब चढतो, म्हणून बीपीच्या रुग्णांनी तो टाळावा. त्यापेक्षा पेज, मुगाचे कढण आणि पुरेशी झोप बरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना लंघन करू नका, साखर एकदम उतरते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

फ्लूचे गणित वेगळे आहे. 2009 साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला. लस पावसाळ्याआधी घ्यावी. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी ताप-अंगदुखी सुरू होताच डॉक्टरांना गाठावे, कारण फ्लूवरचे औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडते. चार दिवस काढा घेऊन बघण्यात नेमकी हीच वेळ निघून जाते. धाप लागली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वयाचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.