रंधा मशीन चाकांवर चढवायचंय? पहार काढा

चार माणसं बोलावून ‘हुप्पा’ करत मशीन उचलायच्या भानगडीत पडू नका. दीडशे किलोचं बिडाचं मशीनही पाच फुटी पहारीने निवांत वर येतं. मशीनखालच्या टोकापासून ६ इंचांवर लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला, तर हाताचा जोर साधारण नऊपट होतो.

आधी प्लग काढा. पहार बुडाच्या भक्कम कडेखाली घाला. टेबलाला किंवा फेन्सला (लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी) जोर देऊ नका, सेटिंग बिघडतं. एक बाजू इंचभर उचलली की कडेपासून थोडी आत १८ मिमी प्लायची पट्टी सरकवायची, मग समोरची बाजू. आलटून पालटून. पट्टी ढकलायला काठी वापरा, बोटं नकोत. (माझं नख गेलंय, म्हणून सांगतो.)

पुरेशी उंची आली की चाकांची फ्रेम सुटी आणून मशीनभोवतीच जुळवा, बोल्ट कसा, चाकांचे ब्रेक लावा आणि पट्ट्या तशाच एकेक काढत मशीन खाली उतरवा.

बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची उभी करवत मशीन) मात्र वरून जड असतो, लगेच कलंडतो. तिथे धरायला दुसरा माणूस हवाच.